एक्केचाळिसावी चाल

डॉक्टरांचं नाव निघालं की आमच्या कार्डिफमधली मराठी मंडळी हळवी होतात. कोणी म्हणतं संत होते, कोणी म्हणतं लहान मूल होते. मी गप्प बसतो. यांच्यापैकी कोणाला डॉक्टरांशी सौदा करावा लागला नव्हता. मला लागला. त्या सौद्यात मी बुडालो, माझ्याच चुकीनं बुडालो, आणि एवढं कबूल करूनही त्यांच्यावरचा माझा राग पुरता गेलेला नाही.

वरच्या खोऱ्यातल्या एका खाणगावात त्यांनी जीपी, म्हणजे गावचे डॉक्टर, म्हणून तीस वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर ते खाली कार्डिफला येऊन राहिले. उंच, खांद्यात वाकलेले, हिवाळा-उन्हाळा तोच एक तपकिरी कोट. हातात व्हायोलिनची पेटी. पेटीची कडी तुटलेली, म्हणून तिला पायजम्याची नाडी बांधलेली. आत त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात व्हायोलिन गुंडाळलेलं असायचं. चांगली पेटी माझ्या दुकानात तीनदा आली आणि तिन्ही वेळा मी ती त्यांना दाखवली. ते म्हणायचे, "या नाडीला काय झालंय?"

लहानपणी नागपुरात ते रीतसर शिकले होते. मनात आलं तर यमन असा वाजवायचे की माझ्यासारखा माणूससुद्धा हातातलं काम खाली ठेवायचा. पण या देशात त्यांनी एकाच चालीशी संसार मांडला. व्हायोलिनलाच इकडे फिडल म्हणतात; त्यावर वाजवायची इकडची जुनी नाचाची चाल. दोन भागांची. पहिला भाग खाली घुटमळतो, दुसरा वर चढतो, दोन्ही दोन-दोनदा वाजवायचे आणि थांबायचं. मिनिटभराचा ऐवज. तिला दर गावात वेगळं नाव होतं. एकीकडे गवळणीचं, दुसरीकडे मेलेल्या घोड्याचं, तिसरीकडे कुठल्याशा पुलाचं. त्यामुळे डॉक्टर तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. पावसाळी हवेत तारा उतरल्या की म्हणायचे, "आज बाई जरा थकल्यात." वहिनी या विषयावर बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या की माझ्या तिन्ही बाळंतपणांत हे कोणत्या ना कोणत्या पबमध्ये बाईंबरोबर होते.

ती चाल त्यांना पहिल्यांदा एका पेशंटच्या छातीत सापडली. हे त्यांचेच शब्द. खाणीतून रिटायर झालेला म्हातारा, फुफ्फुसात कोळसा बसलेला. डॉक्टर स्टेथॉस्कोप लावून श्वास सोडा म्हणाले तर तो श्वासाबरोबर काहीतरी गुणगुणला. चौकशी केली तेव्हा कळलं की म्हाताऱ्याचा आजा फिडल वाजवायचा. चॅपलवाल्या कर्मठ ख्रिस्त्यांनी फिडल म्हणजे सैतानाचं वाद्य असं ठरवलं, तेव्हा आज्यानं ते छपरात लपवलं आणि चाल मात्र सोडली नाही. तीच चाल हळू, लांबवून, रविवारी चॅपलमध्ये देवाचे शब्द घालून म्हणायला लागला. नातवाला दोन्ही यायच्या, नाचाची आणि देवाची. डॉक्टरांनी दोन्ही घेतल्या. तेव्हापासून त्यांच्या दवाखान्यात म्हाताऱ्या पेशंटला 'कुठे दुखतंय' या प्रश्नाआधी 'घरात कोणी फिडल वाजवायचं का' हा प्रश्न असे.

चाल मुळात कुठली, यावर लोकांनी त्यांना नाना गोष्टी सांगितल्या. आयर्लंडहून कापणीला येणाऱ्या मजुरांनी आणली. उत्तरेकडच्या एका आंधळ्या हार्पवाल्याला स्वप्नात सुचली. एक इंग्लिश गृहस्थ तर शपथेवर सांगायचे की ती त्यांच्या पणजोबांनी रचली, आणि पणजोबांना एकही वाद्य येत नव्हतं. डॉक्टर सगळं ऐकून घ्यायचे, सगळं लिहून ठेवायचे, कोणाला खोडायचे नाहीत. त्यांचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. मला एकदा म्हणाले, "शेठ, ज्याला चाल पाठ असते त्याच्याकडे ती नुसती राहते. जो विसरतो त्याच्याकडे वाढते. वाजवता वाजवता अडकतो, समोर माणसं नाचत असतात, थांबायची लाज वाटते, मग बोटांना येईल ते घालून पुढे जातो. तिथे नवी फांदी."

मला ते शेठ म्हणायचे. मी जुन्या फर्निचरचा धंदा करतो. कोणी म्हातारं माणूस गेलं की मुलं बोलावतात, मी व्हॅन घेऊन जातो, घर रिकामं करून देतो, हाती लागेल ते डागडुजी करून विकतो. या देशात मी उतरलो तेव्हा बेकरीत रात्रपाळीला पीठ मळायचो. बाकी सगळं स्वतः उभं केलं आहे. डॉक्टर माझ्याकडे आले ते एवढ्यासाठी की मेलेल्यांच्या घरात फिडल सापडतात. मला वाटलं, विकत घ्यायची असतील. त्यांना फिडल नको होतं. त्या घरात ते कोण वाजवायचं आणि त्याला बाई ठाऊक होत्या का, एवढं मी घरच्यांना विचारावं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारायचो. लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघायचे. पण तीन चाली माझ्यामुळे त्यांना मिळाल्या, हे त्यांनी वहीत लिहिलं आहे.

दर गुरुवारी ते दुकानात यायचे आणि विकायला ठेवलेल्या खुर्च्यांमधली सगळ्यात चांगली खुर्ची धरायचे. तिच्यावर मांडी घालून, फिडलचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून, आपल्याकडे बसतात तसं बसून वाजवायचे. गिऱ्हाईक त्या खुर्चीकडे बघायचं, मग डॉक्टरांकडे, आणि निघून जायचं. पबमध्येही ते असेच खाली कार्पेटवर बसायचे. वाजवण्याआधी ज्याच्याकडून ती चाल मिळाली त्याचं नाव घ्यायचे, त्याला कोणाकडून मिळाली ते सांगायचे आणि नाव घेताना आपल्या गायक-वादकांच्या रिवाजाप्रमाणे कानाच्या पाळीला हात लावायचे. अमका बस ड्रायव्हर, कानाला हात. तमकी मेंढपाळीण, कानाला हात. पबमधले लोक बरेच दिवस समजत होते की म्हाताऱ्याचा कान दुखतो. एकानं त्यांना थेंब आणून दिले.

चाल देणाऱ्याला ते नारळ आणि वहिनींनी केलेले बेसनाचे लाडू द्यायचे. एका विधवा बाईनं तो नारळ फायरप्लेसवर घड्याळाशेजारी ठेवला होता. ती गेल्यावर घर रिकामं करायला मीच गेलो तेव्हा तो तिथे होता. तिच्या मुलीनं मला विचारलं की ही कसली मूर्ती आहे.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे चाल समोरासमोरच घ्यायची. टेप नाही, पोस्टानं आलेली नाही, फोनवर तर नाहीच. स्कॉटलंडहून एका बाईंनी फोन केला आणि फोनवरच गायला लागल्या, तेव्हा यांनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला आणि 'थांबा, मी येतो' असं ओरडले. दुसऱ्या दिवशी लाडूंचा डबा घेऊन दिवसभराचा ट्रेनचा प्रवास केला. मी त्यांची चेष्टा केली. ते म्हणाले, माणसाचं तोंड बघितल्याशिवाय कसं कळणार की तो कुठे अडखळला आणि कुठे मुद्दाम थांबला?

एका जाड लाल पुठ्ठ्याच्या वहीत सगळं होतं. एका पानावर एक चाल, सा रे ग म मध्ये लिहिलेली, खाली देणाऱ्याचं नाव, त्याखाली त्याला देणाऱ्याचं नाव. चाळीस पानं भरली होती.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल. ते बेळगावला कॅम्पातल्या एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नाच्या वरातीचा बँड. लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर झालरी. कोट आई घरी धुवायची आणि झालरी दातांनी सरळ करायची. सगळी पंगत उठल्यावर बँडवाल्यांना मांडवामागे पानं मांडत. मी लहानपणी एकदा ते बघितलं आणि पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो नाही. इथे आमच्या गणपतीला जमणारे लोक म्हणजे कन्सल्टंट, सर्जन, भूलतज्ज्ञ, आणि अलीकडे बेसिंगस्टोकहून गाड्या घेऊन येणारी सॉफ्टवेअरवाली मुलं. कोणी विचारलं की मी सांगायचो, वडील म्युझिशियन होते. लोक म्हणायचे, वा. मी विषय बदलायचो.

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. एका गुरुवारी मी कपाटाला पॉलिश करत शीळ घालत होतो. डॉक्टर खुर्चीतून उठले. ते उठले तेव्हा मी काय वाजवतोय ते माझ्या लक्षात आलं. वडिलांच्या बँडची एक चाल होती. ती आणि डॉक्टरांच्या बाई यांचा संबंध मी इतक्या वर्षांत लावला नव्हता, कारण वरातीत ती ढोलाच्या ठेक्यावर, ठासून वाजायची. पण आता मलाही ऐकू आलं. पहिला भाग तोच होता.

"हे कुठून?" डॉक्टरांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला वस्तू किती हवी आहे ते त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या क्षणी दिसतं, नंतर तो लपवतो. डॉक्टरांनी लपवलंच नाही. मी सांगितलं, वडिलांकडून. आणि लगेच भाव सांगितला. ही चाल तुम्ही येत्या गणपतीला, सगळ्यांसमोर, स्टेजवर बसून वाजवायची आणि माझ्या वडिलांचं पूर्ण नाव घ्यायचं.

ते हसायला लागले. नाव तर घेणारच, त्यात मागायचं काय, म्हणाले. मला थोडा अपमान वाटला. मी घासाघीस करायच्या तयारीत होतो.

मग म्हणाले, "पुढे?"

पुढे काही नव्हतं. वडील तेवढंच वाजवायचे, निदान मला तेवढंच आठवत होतं. पण त्यांच्या वहीतल्या सगळ्या चालींना दोन भाग होते आणि माझ्याकडे अर्धाच माल होता. वाटलं, मीच विसरलो. वाटलं, आता हे म्हणतील की अर्धी चाल वहीत बसत नाही, आणि वडिलांचं नाव स्टेजपर्यंत जाऊन परत येईल. मी म्हटलं, आहे ना पुढे, जरा आठवावं लागेल, पुढच्या गुरुवारी या.

तो आठवडाभर मी व्हॅनमध्ये शीळ घालत फिरलो. पहिल्या भागाला शोभेल असा दुसरा भाग बेतून तयार केला. थोडं वडिलांच्या दुसऱ्या चालींमधलं, थोडं हवेतलं. गुरुवारी डॉक्टरांसमोर वाजवला, मध्ये दोनदा खोटं अडखळलो. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते आणि त्यांना काही दिसलं नाही. मी तीस वर्षं गिऱ्हाइकांसमोर उभा राहिलेला माणूस आहे.

गणपती चर्चच्या हॉलमध्ये असायचा. मुलांचे नाच झाले, मग डॉक्टर स्टेजवर सतरंजीवर बसले. म्हणाले की ही एक्केचाळिसावी चाल, बेळगावच्या कॅम्पातल्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणाऱ्या एका कलावंताची. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव, सगळं घेतलं. कानाला हात लावला. पुढच्या रांगेतल्या एक डॉक्टरीणबाई मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. जेवताना म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर म्युझिशियन म्हणाला होतात ना?"

"बँडवाला म्युझिशियनच असतो," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. माझी बायको ताट घेऊन बाजूला गेली आणि भिंतीकडे तोंड करून जेवली.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. एवढं चांगलं वर्ष मला धंद्यानं दिलेलं नाही.

मग एका गुरुवारी डॉक्टर हातात कागद घेऊन आले. शहरात फिडलवाल्यांचा मेळावा भरणार होता आणि त्यात त्यांना बोलायला बोलावलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी पहिल्या रांगेत बसायचं होतं. भाषणात काय आहे ते त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावून सांगितलं. दुसऱ्या भागात वर चढण्याआधी एक छोटी गिरकी आहे, तीन स्वर खाली येऊन मग उडी. ही गिरकी चाळीस चालींमध्ये फक्त एकाच ठिकाणी सापडते, त्यांच्या त्या पहिल्या म्हाताऱ्या पेशंटकडे. आणि आता ती बेळगावात सापडली. म्हणजे याच खोऱ्यातला कोणी शिपाई ही चाल कॅम्पात घेऊन गेला असणार. "शेठ," ते म्हणाले, "बाई बोटीनं तुमच्या वडिलांकडे गेल्या आणि तुमच्याबरोबर विमानानं परत आल्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ती गिरकी मला कुठून मिळाली ते मला तेव्हा समजलं. दर गुरुवारी त्या खुर्चीत बसून डॉक्टर म्हाताऱ्याची चाल वाजवायचे. कपाटं घासता घासता ती माझ्या कानात बसली होती आणि मी बेतलेल्या भागात ती नकळत घातली होती. डॉक्टरांना जगभर शोधून जो पुरावा मिळाला तो त्यांचाच होता.

कोणाला कळलं नसतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. किडकी कपाटं मी दिवा मालवून विकली आहेत. पण हा माणूस दोनशे लोकांसमोर माझ्या खोट्यावर उभा राहणार होता आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार होतो. मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं.

त्यांनी कागदांची घडी केली. मग विचारलं, "विसरून जोडलंत की ठरवून?"

प्रश्न मला पुरता समजला. विसरून म्हटलं असतं तर ती फांदी झाली असती, वहीत राहिली असती. आणि ते अगदीच खोटं नव्हतं, मी विसरलो असंच मला वाटत होतं. पण व्हॅनमध्ये आठवडाभर बसून मी काय केलं ते मला माहीत होतं.

"ठरवून," मी म्हटलं.

त्यांनी लाल वही काढली. काउंटरवर गादीचं कापड कापायची माझी पाती पडली होती, ती घेतली आणि एक्केचाळिसावं पान शिवणीजवळ सरळ कापून काढलं. माझ्यासमोर ठेवलं.

"ही तुमची वस्तू."

"डॉक्टर, पहिला भाग वडिलांचा आहे."

"असेल."

"असेल म्हणजे?"

"शेठ, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून वाजवलंत आणि मला काही दिसलं नाही. आता मला कळायचं कसं?"

मग मी ओरडलो. माझा बाप खोटा नाही म्हणालो. मरणाऱ्या माणसांच्या खाटेशी बसून तुकडे गोळा करणारे तुम्ही कोण म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. शेवटी ते बसायचे ती खुर्ची लाथेनं पाडली. ते पेटीला नाडी बांधत होते. गाठ नीट बसेना, दोनदा सोडून बांधली. मग गेले.

मेळाव्यात ते बोलले नाहीत. तब्येतीचं कारण कळवलं. पुढच्या गुरुवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. वहिनी एकदा रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, पेटी उघडतच नाहीत हो, तुमचं काही बोलणं झालं का? मी म्हटलं, नाही, विशेष काही नाही. डॉक्टरांनी भाषण रद्द केलं, एवढं सोडून त्यांना काही माहीत नव्हतं. पुढे हिवाळ्यात डॉक्टरांच्या हृदयाचं दुखणं निघालं. मी बघायला गेलो नाही. मला वाटायचं, त्यांनी आधी म्हणावं की पहिला भाग खरा आहे. त्यांना बहुधा वाटत असेल की ते मी त्यांना दाखवावं.

शेवटी मी बेळगावला गेलो. घरी सांगितलं की जागेचं काम आहे. खरं म्हणजे मी त्यांना चुकीचं ठरवायला निघालो होतो. कापलेलं पान कोटाच्या खिशात घेतलं होतं.

वडिलांच्या बँडमधलं कोणी उरलं नसेल असं सगळे म्हणाले. नवव्या दिवशी कॅम्पामागच्या एका गल्लीत साइड ड्रम वाजवणारे एक काका सापडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, खाटेवर बसलेले. वडिलांचं नाव सांगितल्यावर त्यांनी माझा हात चाचपला आणि सोडला नाही. मी शीळ घातली. ते दुसऱ्या हातानं खाटेच्या लाकडावर ठेका धरायला लागले आणि मी जिथे थांबलो तिथेच, त्याच मात्रेवर, त्यांचा हात थांबला.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय? पुढं मांडव आला की."

ती चाल फक्त नवरदेव घोड्यावरून उतरल्यावर वाजायची. घोड्यापासून मांडवाच्या दारापर्यंत, वीस पावलं. तेवढ्यात कुठले दोन भाग, काका म्हणाले. शिवाय त्यांच्या मास्तरांना येत होती तीच तेवढी. मास्तरांना ती कॅम्पातल्या मिलिटरी बँडच्या एका गोऱ्यानं शिकवली होती. पुढचं उद्या शिकवतो म्हणाला आणि उद्या त्याची पलटण हलली. मास्तर आयुष्यभर म्हणायचे, माझी चाल बोटीत गेली. मी विचारलं, कुठला होता तो गोरा? काकांना काय ठाऊक. एवढंच म्हणाले की गरीब घरचा असावा, पलटणीत यायच्या आधी जमिनीखाली काम करायचा म्हणे, हाताच्या पाठीवर निळ्या रेघा होत्या गोंदल्यासारख्या.

वरच्या खोऱ्यातल्या प्रत्येक खाणवाल्या म्हाताऱ्याच्या हातावर त्या निळ्या रेघा असतात. जखमेत कोळशाची धूळ राहते आणि वर कातडी येते. मी त्यांच्या घरांतून खाटा उचलल्या आहेत, मी बघितल्या आहेत. डॉक्टरांनी तर तीस वर्षं त्या हातांच्या नाड्या तपासल्या.

डॉक्टर बरोबर होते. वडील बरोबर होते. माझ्याकडे वडिलांची चाल पूर्ण होती आणि ती अर्धी आहे या लाजेपायी मी तिला जोड दिली होती.

लॉजवर येऊन मी पान काढलं. त्यावरचा दुसरा भाग पेनानं खोडला. खाली वडिलांच्या नावाखाली मास्तरांचं नाव लिहिलं, त्याखाली लिहिलं, एक गोरा शिपाई, हातावर निळ्या रेघा. मग मोबाइल हातात घेतला. नंबर पाठ होता. तिकडे दुपार असणार, वहिनींनी उचलला असता आणि त्यांना दिला असता. मी केला नाही. फोनवर ते रिसीव्हर लांब धरतील, आणि या वेळी मला सगळं त्यांच्या नियमानं करायचं होतं. हे एक कारण. दुसरं असं की ते ऐकताना त्यांचं तोंड मला बघायचं होतं. परतीचं तिकीट अजून दहा दिवसांनी होतं. बदलता आलं असतं. पण धंद्यात जो घाई करतो त्याचा भाव पडतो, ही सवय माझ्या हाडांत आहे. मी दहा दिवस थांबलो. भाऊबंदांकडे जेवलो, शहापुरात साड्या घेतल्या.

घरी पोचलो तेव्हा बायकोनं दार उघडताच माझ्या हातातली बॅग घेतली. डॉक्टर जाऊन पाच दिवस झाले होते; फोनवर सांगणं तिच्या जिवावर आलं होतं. इकडे अंत्यविधीची तारीख उशिराच मिळते, तो दुसऱ्या दिवशी होता.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. दारात बुटांची गर्दी होती. मराठी माणसं होती आणि खोऱ्यातून आलेले म्हातारे होते, टोप्या हातात धरून हॉलवेमध्ये उभे. मला कोणी वाट दिली, कोणी पाणी दिलं. वहिनी सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. मी खाली कार्पेटवर बसलो. लाल वही कुठे आहे ते विचारायची हिंमत होईना, पण त्या आपणहूनच सांगायला लागल्या, जे भेटायला येईल त्याला सांगत असाव्यात. हॉस्पिटलमधूनच त्यांनी लायब्ररीला कळवायला लावलं होतं. ते लोक येऊन वही घेऊन गेले. चाळीस चाली, सगळ्या नावानिशी. आता त्यात कोणी काही घालू शकत नाही, काढू शकत नाही, काचेत राहील म्हणे. त्यांना बरं वाटलं ऐकून, वहिनी म्हणाल्या, त्या दिवशी दोन घास जेवले.

मी मान हलवली. कोट अंगातच होता, खिशात पान.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बेळगावला गेला होतात म्हणे."

"हो."

"काही काम होतं?"

"होतं."

"झालं का?"

"झालं," मी म्हटलं.